जुना आकाशगोल वाचायचा कसा? आधी माल, मग तारे

जुना आकाशगोल, म्हणजे ताऱ्यांचा नकाशा अंगावर असलेला गोल, समोर आला की नवख्या माणसाची नजर आधी चित्रांवर जाते. सिंह, विंचू, धनुष्य ताणलेला धनुर्धर, कमरेला तलवार लावलेला शिकारी, म्हणजे आपला मृग. चित्रं देखणी असतात, नजर तिकडे जाणारच. पण गोल खरोखर समजून घ्यायचा असेल तर सुरुवात मालापासून करा. तो पितळेचा आहे की कागदाचा, ओतीव आहे की ठोकून घडवलेला, सांधा आहे की नाही, हे आधी ठरवा. गोल कुठे आणि कोणत्या हातांनी घडला ते माल सांगतो, आणि कोणत्या काळचं आकाश दाखवायचं होतं ते तारे सांगतात. दोन्ही साक्षी जुळल्या तरच गोलावर विश्वास ठेवावा.

संग्रहालयात काचेआड गोल पाहणाऱ्यांना, लिलावाच्या यादीत फोटो पाहणाऱ्यांना आणि एखादा गोल विकत घेण्याचा विचार करणाऱ्यांना, अशा तिघांनाही पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. साधनं फार लागत नाहीत: दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, शिंप्याकडची कापडी मोजपट्टी आणि एक लोहचुंबक.

पहिली पायरी: आकाश उलटं आहे हे डोक्यात बसवा

आपण आकाश आतून बघतो, आकाशगोल मात्र बाहेरून बघायचा असतो. त्यामुळे त्यावरच्या आकृती आरशातल्यासारख्या डावी-उजवी बदलून येतात. गच्चीवरून दिसणारा मृग आणि गोलावरचा मृग ताडून पाहिलात तर रोहिणी तुमच्या सवयीच्या बाजूला सापडणार नाही. हा दोष नाही, गोलाचा स्वभावच आहे. दहाव्या शतकात अब्द अल-रहमान अल-सूफी याने स्थिर ताऱ्यांवरच्या ग्रंथात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं दिली, एक आकाशात दिसतं तसं आणि दुसरं गोलावर दिसतं तसं. पुढे कित्येक शतकं गोल करणारे कारागीर त्या चित्रांचा आधार घेत राहिले.

एखाद्या ‘पुरातन’ गोलावर सप्तर्षी आणि मृग थेट आकाशातल्यासारखे दिसले तर थांबा. जुना जाणकार कारागीर अशी चूक सहसा करत नाही. हल्लीच्या पुस्तकातला नकाशा बघून गोल सजवणारा करतो.

दुसरी पायरी: माल ओळखा

आपल्याकडची परंपरा लाकडाची आणि बांबूची. आर्यभटीयाच्या गोलपादात (इ.स. 499) सांगितलं आहे की लाकडाचा, सगळीकडून सारखा वाटोळा, सगळीकडे सारख्या वजनाचा आणि हलका गोल करावा, आणि पारा, तेल व पाणी यांच्या साह्याने तो काळाबरोबर फिरवावा. यातला ‘सारख्या वजनाचा’ हा शब्द लक्षात ठेवा. गोल एका बाजूला जड असेल तर तो आपोआप त्याच बाजूला वळून थांबतो, आणि असला गोल वेळ दाखवायला निरुपयोगी. पुढे भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या (इ.स. 1150) गोलाध्यायात सरळ, गुळगुळीत बांबूच्या कामट्यांची वलयं करून त्यांवर अंशांच्या खुणा करायला सांगितलं. हे काम करणारा गणक गोलविद्येत आणि शिल्पात, दोन्हींत निपुण असावा, अशी त्यांची अट आहे. हा वलयांचा सांगाडा होता, भरीव पृष्ठाचा गोल नव्हे, पण शिकवण्याचा हेतू तोच. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. त्या मठातले विद्यार्थी असा बांबूचा गोल बांधत असतील ही कल्पना मला फार आवडते. बांबू मात्र टिकत नाही, म्हणून त्या काळाची वर्णनं मिळतात, वस्तू मिळत नाहीत.

टिकले ते दगड आणि धातू. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात संगमरवरी अ‍ॅटलस आहे. खांद्यावर सुमारे 65 सेंटीमीटर व्यासाचा आकाशगोल पेलून तो वाकलेला आहे. ही दुसऱ्या शतकातली रोमन मूर्ती, आणि गोलावर तारकासमूह उठावात कोरलेले आहेत, सुटे तारे नाहीत. जर्मनीत माइन्झला जेमतेम 11 सेंटीमीटरचा रोमन पितळी गोल आहे. मध्ययुगात हे काम अरबी आणि फारसी कारागिरांच्या हाती गेलं. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयातला अकराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात घडलेला गोल, लूव्हरमधला बाराव्या शतकातला, ब्रिटिश म्युझियममधला 1275 चा आणि ड्रेस्डेनमधला इराणमधल्या मराघा वेधशाळेशी जोडलेला, हे सगळे धातूचे आहेत. सोळाव्या शतकापासून युरोपात छापील कागदाचे गोल आले आणि बाजार त्यांनी व्यापला. त्यांच्याकडे नंतर वळू.

तिसरी पायरी: धातूच्या गोलावर सांधा शोधा

धातूचा पोकळ गोल दोन तऱ्हांनी होतो, आणि नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं मत आहे.

पहिली तऱ्हा दोन अर्धगोलांची. पत्रा ठोकून खोलगट वाटी उठवायची किंवा अर्धगोल ओतून घ्यायचा, मग दोन्ही अर्ध्या भागांना डाख (वितळवलेल्या धातूचा जोड) देऊन जोडायचं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्या माणसाला ही पद्धत वेगळी शिकवावी लागत नाही. ठोक्यांच्या ओळी पाहून तांबटाचा हात ओळखू येतो, तसाच इथेही. बाहेरचे ठोके घासून काढलेले असतात, पण टॉर्च तिरपा धरला की काही ठिकाणी पृष्ठ हलकं लहरतं. सांधा बहुधा विषुववृत्ताच्या किंवा आयनिकवृत्ताच्या (सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) रेषेजवळ असतो, कारण तिथे अंशांच्या खुणांची गर्दी असते आणि बारीक फट त्यात लपते. भिंग लावून ती रेघ सगळीभर फिरून पाहा. डाखाचा रंग पितळेपेक्षा पांढुरका असतो, आणि एखाद्या ठिकाणी तो हमखास डोकं वर काढतो.

दुसरी तऱ्हा अखंड ओतीव गोलाची, आणि तिचं मोठं घर म्हणजे मुघल काळातलं लाहोर. काश्मीरमध्ये अली काश्मिरी इब्न लुकमान याने हिजरी 998 मध्ये, म्हणजे 1589-90 च्या सुमारास, केलेला अखंड गोल या प्रकारातला सर्वांत जुना ज्ञात नमुना समजला जातो. त्यानंतर लाहोरच्या एका घराण्याने ही कला पिढ्यानपिढ्या सांभाळली. मूळ पुरुष उस्ताद अल्लाहदाद, मुलगा ईसा, नातू काइम मुहम्मद आणि मुकीम, पणतू झियाउद्दीन मुहम्मद. सहीत ते स्वतःला ‘अस्तुरलाबी हुमायूनी लाहोरी’ म्हणवून घेत, म्हणजे बादशहा हुमायूनशी असलेलं नातं ते मिरवत. आकाशगोल आणि अ‍ॅस्ट्रोलेब (ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं तबकडीसारखं यंत्र) ही दोन्ही यंत्रं त्यांच्या कारखान्यात होत. एकोणिसाव्या शतकात, 1840 च्या दशकात, लाला बलहुमल लाहोरी हा हिंदू कारागीर तिथेच हे काम करत होता.

अखंड गोल मेण वितळवून ओतायच्या रीतीने केला जाई. मूर्ती ओतायची ही विद्या आपल्याकडे जुनी, आणि बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात तिचं सविस्तर वर्णन आहे. आधी मातीचा गाभा, त्यावर हवी तेवढ्या जाडीची मेणाची साल, वरून पुन्हा मातीचा साचा. तापवलं की मेण वाहून जातं आणि रिकाम्या जागेत पितळेचा रस उतरतो. अडचण एकच: मेण गेल्यावर मधला गाभा अधांतरी राहतो. तो किंचित जरी सरकला तरी एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होणार, म्हणजे आर्यभटाची ‘सारख्या वजनाची’ अट मोडणार. म्हणून गाभा आणि बाहेरचा साचा यांना धातूच्या खुंट्यांनी जखडून ठेवत. ओतकाम झाल्यावर गाभ्याची माती छिद्रांतून बाहेर काढायची, खुंट्यांची भोकं आणि बुडबुड्यांमुळे पडलेले खड्डे पितळेच्या गोल डट्ट्यांनी बुजवायचे आणि सगळं घासून एकसारखं करायचं.

तेव्हा सांधा दिसला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, डट्टे शोधा. ते मसुराएवढे असतात, कधी त्याहून मोठे. आजूबाजूच्या धातूशी त्यांचा रंग थोडासा फटकून असतो, आणि एखादी कोरीव रेषा डट्ट्यावरून जाताना कडेला किंचित अडखळते. काही डट्टे साध्या नजरेला अजिबात दिसत नाहीत, किरणांनी आतला फोटो काढल्यावरच सापडतात. सांधा नाही, डट्टे आहेत आणि रेषा त्यांच्यावरून सलग गेल्या आहेत, असं दिसलं तर तुमच्यासमोर गंभीरपणे पाहण्यासारखी वस्तू आहे.

चौथी पायरी: तारे कसे बसवलेत ते पाहा

चांगल्या पितळी गोलावर तारा म्हणजे नुसता ठिपका नसतो. भोक पाडून त्यात चांदीचा बारीक खिळा बसवलेला असतो आणि त्याचा आकार ताऱ्याच्या तेजाप्रमाणे बदलतो. व्याध, अगस्त्य, अभिजित यांचे खिळे ठसठशीत, सहाव्या प्रतीच्या, म्हणजे सगळ्यात मंद, ताऱ्यांचे मोहरीपेक्षाही लहान. प्राचीन ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या यादीत 48 तारकासमूह आणि हजाराहून थोडे अधिक तारे होते, आणि पूर्ण गोलावर तेवढे सगळे बसवायचा प्रयत्न असे. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे भिंगाखाली आणा. कडा स्वच्छ आहेत का? चांदी काळवंडली आहे आणि पितळ तपकिरी पडलं आहे, अशी दोन्हींची झीज वेगवेगळी दिसते का? एक-दोन खिळे पडून रिकामी भोकं राहिली असतील तर मला ती उलट आश्वासक वाटतात, भोकाच्या तळाशी जुना मळ असेल तर आणखीच. स्वस्त गोलांवर नुसता पंच मारून ठिपके काढलेले असतात.

पाचवी पायरी: मघा ताऱ्यावरून काळ काढा

पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, याला अयनचलन म्हणतात. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे आयनिकवृत्तावरचा मेषारंभाचा बिंदू, मागे सरकत राहतो, आणि त्यापासून आयनिकवृत्तावर मोजलेले ताऱ्यांचे अंश (भोग) सुमारे 72 वर्षांत एकाने वाढतात. म्हणून गोलावर ताऱ्याची जागा मोजली की कारागिराला कोणत्या सालचं आकाश दाखवायचं होतं ते कळतं.

मघा हा तारा यासाठी सोयीचा, कारण तो आयनिकवृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. आयनिकवृत्त आणि विषुववृत्त जिथे छेदतात ते मेषारंभाचं टोक शोधा, तिथून राशी मोजत सिंहेपर्यंत या आणि सिंहेच्या किती अंशांवर मघा बसवली आहे ते वाचा. अल-सूफीच्या 964 सालच्या यादीत ती 15 अंशांच्या किंचित पुढे आहे. 1437 साठी केलेल्या समरकंदच्या उलुगबेगच्या यादीत सुमारे 22 अंशांवर. 1650 च्या आसपासच्या गोलावर ती 25 अंशांजवळ सापडायला हवी. ही सायन, म्हणजे सरकत्या वसंतसंपातापासूनची, मोजणी आहे हे विसरू नका. आपल्या पंचांगात मघा नक्षत्र निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने स्थिर धरलेल्या) सिंहेच्या आरंभापासून सुरू होतं, त्यामुळे पंचांग उघडून ताडायला गेलात तर सगळा घोळ होईल.

आता या मोजणीची मर्यादा. 16 सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे 50 सेंटीमीटर, म्हणजे एक अंश जेमतेम 1.4 मिलिमीटरचा. खिळा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसला तरी पंचवीस वर्षांचा फरक पडतो. शिवाय बरेच कारागीर जुनी यादी घेऊन त्यात ठरावीक अंश मिळवत, स्वतः वेध घेत नसत. म्हणून एका ताऱ्यावर विसंबू नका. मघा, चित्रा, रोहिणी आणि ज्येष्ठा असे चार तारे मोजून सरासरी काढा.

सही असेल तर ती बहुधा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असते, आणि साल हिजरी असतं. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवलं की इसवी साल अंदाजे मिळतं: 1074 म्हणजे 1663-64. अंशांचे आकडे कधी कधी अरबी अक्षरांतच लिहिलेले असतात, कारण प्रत्येक अक्षराला संख्या ठरलेली असते. तो तक्ता छापून जवळ ठेवा. सहीतलं साल आणि मघेने दिलेलं साल यांत शंभरेक वर्षांची तफावत निघाली, तर विकणाऱ्याला त्याचं उत्तर मागा.

सहावी पायरी: कागदी गोल असेल तर

युरोपात सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात योहानेस शोनरने छापील आकाशगोल काढला. 1537 मध्ये गेम्मा फ्रिसियस, 1551 मध्ये मर्केटर, आणि पुढे हॉलंडमध्ये होंडियस आणि ब्लाउ यांची चुरस. कोरोनेलीने चौदाव्या लुईसाठी केलेली जोडी जवळजवळ चार मीटर व्यासाची आहे आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे. त्यातल्या आकाशगोलावर राजाच्या जन्माच्या वेळचं, म्हणजे 1638 चं, आकाश रंगवलं आहे. पण ती जोडी हाताने रंगवलेली. नेहमीचा गोल ताम्रपटावरून छापलेल्या कागदाचा.

त्याची रचना थरांची असते. आत लाकडी दांडा, त्याभोवती कागदाच्या लगद्याचे दोन अर्धगोल, वर खडू किंवा जिप्सम आणि सरस यांच्या लेपाचे थर. कोरड्या लेपावर मोसंबीच्या फोडींसारख्या निमुळत्या छापील पट्ट्या, बहुधा बारा, ओल्या करून चिकटवायच्या. मग हाताने रंग आणि वरून राळेचं व्हार्निश. तोल साधायला आत शिशाच्या छर्ऱ्यांची पिशवी ठेवत, म्हणजे पुन्हा तीच समतोलाची अट. गोलाभोवती पितळेचं याम्योत्तर (दोन्ही ध्रुवांवरून जाणारं उभं) कडं आणि लाकडाची क्षितिजपट्टी.

एक खूण आवर्जून पाहा. बऱ्याच जुन्या आकाशगोलांवर पट्ट्यांची टोकं आयनिकवृत्ताच्या ध्रुवाशी मिळतात, पण गोल फिरतो तो विषुववृत्ताच्या ध्रुवांवर. त्यामुळे पट्ट्यांचा संगम आसाच्या टोकापासून साडेतेवीस अंश बाजूला दिसतो. पृथ्वीच्या गोलावर असं होत नाही, आणि वरवरची नक्कल करणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

कागदी गोलाचं वय तारकासमूहांवरूनही कळतं. मोर आणि इतर अकरा दक्षिणी तारकासमूह 1598 च्या सुमारास प्लांसियसच्या गोलावर आले, त्यामागे डच खलाशी कैझर आणि डी हाउटमन यांचे वेध होते. हॅलीने इंग्लंडच्या राजाच्या नावाने ओक वृक्ष आकाशात लावला तो 1670 च्या दशकाच्या शेवटी. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, वातपंप, लंबकाचं घड्याळ अशी यंत्रं तारकासमूह म्हणून दिसली तर गोल फ्रेंच खगोलज्ञ लाकायच्या नंतरचा. केप ऑफ गुड होपला वेध घेऊन त्याने केलेला नकाशा 1756 मध्ये छापून आला. तारकासमूहांच्या हद्दी सरळ रेषांनी आखलेल्या असतील तर गोल 1930 च्या पुढचा, मग कागद कितीही पिवळा असो.

क्षितिजपट्टीवरचं कॅलेंडरही वाचा. मेषारंभासमोर 10 मार्चच्या आसपासची तारीख असेल तर ते जुनं जुलियन कॅलेंडर. इंग्लंडने ते 1752 मध्ये सोडलं. आणि चौकटीत छापलेलं साल हे ताम्रपटाचं साल, छपाईचं नव्हे. तेच पट दशकानुदशकं वापरले जात.

हिरवट आकाश बघून कारागिराने रंग चुकवला असं समजू नका. निळ्या रंगावर पिवळं पडलेलं व्हार्निश आलं की आकाश हिरवं दिसतं. जंगालासारखे तांब्याचे हिरवे रंग मात्र कागदच पोखरतात, अशा जागी पोपडे सुटलेले असतात.

सातवी पायरी: घेण्याआधी

पितळेची ‘पुरातन’ वाटणारी यंत्रं आज मुरादाबाद आणि रुरकीसारख्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर होतात. तो प्रामाणिक उद्योग आहे, आणि नवी शोभेची वस्तू म्हणून ती जरूर घ्यावी. फसवणूक होते ती मधल्या कुणीतरी तिला तीनशे वर्षांची म्हणून विकल्यावर. चुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही, चिकटला तर मुलाम्याखाली लोखंड आहे. स्टँडवरचे स्क्रू पाहा, चौफुलीच्या खाचेचे स्क्रू विसाव्या शतकातले. अरबी वाचणाऱ्या कुणाला तरी फोटो दाखवा, कारण नकलेवरची अक्षरं पुष्कळदा अर्थहीन असतात.

कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. वस्तू नवी असली तरी जुनी दिसते म्हणून विमानतळावर अडू शकते, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी काढा.

आठवी पायरी: निगा

पितळ दिसलं की चिंच किंवा लिंबू घेऊन घासायला बसणं आपल्या हाडीमाशी आहे. देवघरातल्या समईला ते ठीक, जुन्या गोलाला घातक. आंबटाने पितळेवरचा जुना थर जातो आणि घासण्याने कोरीव रेषा बोथट होतात. चांदीच्या खिळ्यांभोवती आम्ल शिरलं तर ते सैल होतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. हातमोजे नायट्रिलचे वापरा, घामाचे डाग पितळेवर कायमचे बसतात.

कागदी गोलाला पाणी, तेल, पॉलिश काहीच लावू नका. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात सरसाला बुरशी धरते आणि कसर लागते, त्यामुळे तो बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. फिरवायचा असेल तर बोटं पितळी कड्यावर ठेवून, दुसऱ्या हाताचा हलका आधार देऊन फिरवा, ताऱ्यांवर बोट टेकवून नव्हे. आतली शिशाची पिशवी फाटून छर्रे सुटले असतील तर फिरवताना खुळखुळ ऐकू येते. ती ऐकू आली की गोल तिथेच थांबवा आणि कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा.